मरणोन्मुख बालकांची गृहशुश्रूषा आणि तिचे मूल्यमापन : एका निकषाचा इतिहास

१. प्रास्ताविक

संस्थांचा इतिहास लिहिण्याची परंपरा आपल्याकडे चांगलीच रुजलेली आहे. त्या संस्थांचे यशापयश ज्या निकषांनी मोजले गेले, त्या निकषांचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. वस्तुतः एखाद्या सेवेचे मोजमाप कशाने करावयाचे हे एकदा ठरले, की ती सेवा हळूहळू त्या मोजमापाच्या साच्यात स्वतःस बसवू लागते. जे मोजले जाते त्याकडे कार्यकर्त्यांचे लक्ष राहते आणि जे मोजले जात नाही ते अहवालांतून व कालांतराने व्यवहारातूनही निसटते. म्हणून निकषाचा उगम शोधणे हे केवळ जिज्ञासेचे काम नसून त्याला व्यावहारिक महत्त्वही आहे.

प्रस्तुत निबंधात अशाच एका निकषाचा मागोवा घ्यावयाचा आहे. असाध्य व्याधीने ग्रासलेल्या बालकाची अखेरच्या काळातील शुश्रूषा रुग्णालयाऐवजी त्याच्या घरी करण्याच्या योजना गेल्या अर्धशतकात अनेक देशांत निघाल्या. या योजनांना सामान्यतः गृहाधिष्ठित बाल-हॉस्पिस सेवा असे म्हटले जाते. 'हॉस्पिस' या शब्दास आजचा अर्थ प्राप्त झाला तो प्रामुख्याने सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडन येथे स्थापन केलेल्या सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिसमुळे. रोग बरा होणार नाही हे निश्चित झाल्यावरही वेदनेचा परिहार, मनाचा आधार आणि कुटुंबाची काळजी हे वैद्यकाचे कर्तव्यच आहे, हा त्या संस्थेचा मूळ विचार होता. दोनच वर्षांनी, म्हणजे १९६९ मध्ये, त्या संस्थेने रुग्णांच्या घरी जाऊन सेवा देण्यास प्रारंभ केला. अशा रीतीने हॉस्पिस ही वास्तू न राहता एक पद्धती झाली, आणि ती घराच्या उंबरठ्याच्या आत प्रवेश करू शकली.

बालकांसाठी निघालेल्या गृहशुश्रूषेच्या योजनांचे मूल्यमापन करताना अभ्यासकांनी सर्वांत अधिक वेळा विचारलेला प्रश्न हा, की मूल कोठे मरण पावले. घरी मृत्यू आला तर योजना यशस्वी आणि रुग्णालयात आला तर तितक्या अंशी अयशस्वी, असे समीकरण नकळत रूढ झाले. हे समीकरण एका विशिष्ट काळी व विशिष्ट समाजात अर्थपूर्ण होते. त्या काळाच्या व समाजाच्या बाहेर नेल्यावर त्याचा अर्थ क्षीण होतो, आणि काही ठिकाणी तर तो उलटा होतो, असे प्रस्तुत लेखकाचे प्रतिपादन आहे.

२. रुग्णालय हे बालमृत्यूचे स्थान कसे झाले

मूल घरी मरणे यात जुन्या काळी विशेष असे काही नव्हते. देवी, घटसर्प, क्षय, अतिसार यांनी मुले दगावत, आणि ती बहुधा घरीच दगावत. विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य देशांत ही स्थिती पालटली. सांसर्गिक रोगांचा जोर ओसरला आणि बालमृत्यूंच्या कारणांमध्ये कर्करोगास, विशेषतः रक्ताच्या कर्करोगास, ठळक स्थान मिळाले.

याच सुमारास त्या रोगाचे स्वरूपही बदलले. १९४८ मध्ये बोस्टन येथील सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन या औषधाने रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या १६ मुलांवर उपचार केले, आणि त्यांपैकी १० मुलांत तात्पुरती सुधारणा दिसून आली. ही सुधारणा अल्पकालीन होती. तथापि तिच्यामुळे काही आठवड्यांत संपणाऱ्या आजाराची मुदत महिन्यांवर आणि पुढे वर्षांवर गेली. रोग हटतो, पुन्हा उलटतो, पुन्हा हटविला जातो, या क्रमात मुलाचे आयुष्य रुग्णालयाशी बांधले गेले. उपचार जेथे चालू होते तेथेच अखेरही येऊ लागली.

त्या काळची रुग्णालये आईबापांचे फारसे स्वागत करीत नसत. भेटीच्या वेळा अत्यंत मोजक्या असत. आई दिसली की मूल रडते, म्हणून तिने न येणेच बरे, असाही समज होता. इंग्लंडमध्ये जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ मध्ये रुग्णालयात ठेवलेल्या दोन वर्षांच्या एका मुलीवर केलेल्या चित्रपटाने या समजाला धक्का दिला. त्यानंतर १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्लॅट समितीच्या अहवालाने मुलांना भेटण्यावरील निर्बंध उठविण्याची आणि शक्य तेथे आईस मुलाजवळ राहू देण्याची शिफारस केली. शिफारशी व्यवहारात उतरण्यास पुढे बराच काळ गेला. बालकांच्या गृहशुश्रूषेची चळवळ उभी राहिली ती या पार्श्वभूमीवर. तिच्या प्रवर्तकांच्या दृष्टीने घर आणि रुग्णालय ही केवळ दोन स्थळे नव्हती. घर म्हणजे मुलाची व आईबापांची एकत्र राहण्याची मुभा आणि रुग्णालय म्हणजे त्यांची ताटातूट, असा त्या शब्दांचा अर्थ होता. 'कोठे' या प्रश्नात 'कसे' हा प्रश्न सामावलेला होता. पुढे हे दोन प्रश्न एकमेकांपासून सुटे झाले, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

३. मिनेसोटा : 'हे शक्य आहे काय?'

या क्षेत्रातील पहिला पद्धतशीर अभ्यास अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात झाला. तेथील परिचर्याशास्त्राच्या अध्यापिका आयडा मार्टिन्सन यांनी १९७२ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने अत्यवस्थ असलेल्या एका मुलाच्या कुटुंबास, त्याची शुश्रूषा घरीच करता यावी म्हणून, साहाय्य केले. या अनुभवातून एक योजना आकारास आली. १९७६ मध्ये मार्टिन्सन यांनी संपादित केलेला या विषयावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या अनुदानावर दोन वर्षांचा संशोधनप्रकल्प सुरू झाला.

या योजनेची रचना साधी होती. रोग बरा करण्याच्या हेतूने करावयाचे उपचार थांबलेले असावेत, आणि मूल व आईबाप यांची घरी राहण्याची इच्छा असावी, एवढ्या अटी होत्या. शुश्रूषेचा मुख्य भार आईबापांवर असे. परिचारिका दिवसरात्र केव्हाही दूरध्वनीवर उपलब्ध असे व गरजेप्रमाणे घरी येई; डॉक्टराची भूमिका सल्लागाराची राही. या रचनेत परिचारिकेस जे स्थान दिले गेले, ते त्या काळच्या वैद्यकीय श्रेणीव्यवस्थेत अपूर्वच म्हणावे लागेल.

प्रकल्पात मरण पावलेल्या ५८ मुलांपैकी ४६ मुलांचा मृत्यू घरी झाला, म्हणजे शेकडा सुमारे ७९. हाच आकडा पुढे वारंवार उद्धृत झाला. त्याचे महत्त्व समजून घेण्यासाठी मूळ प्रश्न ध्यानात ठेवला पाहिजे. मार्टिन्सन आणि त्यांचे सहकारी प्रथम विचारीत होते ते एवढेच, की हे शक्य आहे काय? वैद्यकीय शिक्षण नसलेले आईबाप वेदनाशामक औषधे देऊ शकतील काय? अखेरच्या रात्री ते घाबरून जाणार नाहीत काय? ज्या समाजात रुग्णालयाबाहेर मुलाचा मृत्यू म्हणजे हयगय असे मानले जात होते, तेथे ४६ हा आकडा या शंकांना दिलेले उत्तर होता. शक्यता सिद्ध करावयाची असता घडलेल्या घटनांची मोजदाद करणे ही योग्यच रीत होय.

परंतु उरलेल्या १२ मुलांचे काय? त्यांना अपयशाच्या रकान्यात घालणे हे मूळ योजनेच्या स्वरूपास धरून होणार नाही. कुटुंबास वाटेल तेव्हा रुग्णालयात परत जाता येईल, हे आश्वासन योजनेचे एक अंगच होते. घरी ठेवलेल्या मुलाची स्थिती आवाक्याबाहेर गेली आणि आईबापांनी रुग्णालयाची वाट धरली, तर योजनेने आपला शब्द पाळला असेच म्हटले पाहिजे. मिनेसोटाच्या अभ्यासात ४६ इतकेच १२ ही योजनेच्या बाजूने बोलतात. नंतरच्या लेखनात शेकडा ७९ तेवढे शिल्लक राहिले आणि परतीची वाट विस्मृतीत गेली. येथेच निकषाच्या इतिहासातील पहिले वळण आहे. शक्यतेचा पुरावा म्हणून जो आकडा पुढे आला, तो गुणवत्तेचे माप म्हणून वापरला जाऊ लागला.

४. मिलवॉकी : 'हे अधिक चांगले आहे काय?'

शक्यता सिद्ध झाल्यावर प्रश्न श्रेष्ठतेचा आला. विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी येथेही परिचारिकांच्या आधारावर चालणारी अशीच योजना होती. तिच्या वतीने मेरी लॉवर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये एक तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांची मुले योजनेच्या आधाराने घरी मरण पावली अशी २४ कुटुंबे आणि ज्यांची मुले रुग्णालयात मरण पावली अशी १३ कुटुंबे यांची तुलना त्यात होती. पहिल्या गटातील आईबाप मुलाच्या मृत्यूनंतर अधिक सावरलेले आढळले. विशेषतः अपराधीपणाची भावना त्यांच्यात कमी होती. पुढील काही वर्षांत त्याच संशोधकांनी मागे राहिलेल्या भावंडांचाही विचार केला, आणि घरी शुश्रूषेत सहभागी झालेली भावंडे स्वतःस कमी एकाकी मानतात असे निरीक्षण मांडले. भावंडांना कुटुंबाच्या दुःखाचे स्वतंत्र वाटेकरी मानणे, ही या अभ्यासाची मोठी देणगी होय.

तथापि या तुलनेतील अडचण स्पष्ट आहे. कोणते कुटुंब कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले नव्हते. ज्या घरात माणूसबळ आहे, आईबापांत एकवाक्यता आहे, मृत्यू जवळ आला हे ज्यांनी मनाशी स्वीकारले आहे, अशीच कुटुंबे घरी शुश्रूषा करण्यास पुढे येण्याचा संभव अधिक असतो. मग नंतर दिसलेली स्वस्थता ही घरी आलेल्या मृत्यूचे फळ, की जिच्यामुळे घर निवडले गेले त्या आधीच्याच स्वस्थतेची सावली? संख्या लहान असल्यामुळे हा गुंता आकडेशास्त्राने सुटण्यासारखा नव्हता.

प्रौढांच्या बाबतीत यदृच्छ विभागणी करून प्रयोग करण्याचा यत्न त्याच सुमारास झाला. लॉस एंजेलिस येथील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयात रॉबर्ट केन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. वेदनेच्या बाबतीत हॉस्पिस व नेहमीची सेवा यांत लक्षणीय अंतर त्यात आढळले नाही. रुग्णांचे समाधान मात्र हॉस्पिसमध्ये अधिक दिसले. मरणोन्मुख बालकांच्या बाबतीत असा प्रयोग करणे कोणासही रुचले नाही, आणि ते समजण्यासारखे आहे. घरी जाऊ इच्छिणाऱ्या मुलास चिठ्ठी निघाली नाही म्हणून रुग्णालयात ठेवावे, असे कोण म्हणेल? परिणामी या क्षेत्रातील बहुतेक मूल्यमापन निवडीच्या दोषासह जगत आले आहे. दोष टाळता येत नसेल तर तो निदान उघडपणे नोंदवावा, एवढी अपेक्षा वाचकाने अवश्य ठेवावी.

५. कायदे, संस्था आणि निकषाचे दृढीकरण

१९७८ मध्ये व्हर्जिनिया राज्यात एडमार्क ही बालकांसाठी गृहसेवा देणारी संस्था निघाली. १९८२ मध्ये ऑक्सफर्ड येथे सिस्टर फ्रान्सेस डॉमिनिका यांच्या पुढाकाराने हेलन हाऊस उघडले. बालकांसाठी स्वतंत्र वास्तू असलेले हे जगातील पहिले हॉस्पिस मानले जाते. हेलन हाऊसचा अनुभव आपल्या विषयास विशेष उपकारक आहे. तेथे येणाऱ्या मुलांपैकी पुष्कळांना कर्करोग नव्हता. मज्जासंस्थेचे व चयापचयाचे क्षयकारी विकार हे त्यांचे दुखणे होते. अशा मुलांचे आयुष्य वर्षानुवर्षे उतरत जाते, आणि त्यांच्या आईबापांना सर्वाधिक गरज असते ती अधूनमधून मिळणाऱ्या विसाव्याची. दहा वर्षे चाललेल्या शुश्रूषेचे मोल अखेरच्या एका दिवसाच्या ठिकाणावरून ठरविणे किती अपुरे आहे, हे या मुलांच्या उदाहरणाने ध्यानी येते.

परंतु कायद्याने नेमकी उलट दिशा धरली. अमेरिकेत १९८२ च्या कायद्याने वृद्धांच्या शासकीय विमायोजनेत हॉस्पिसचा समावेश झाला. रुग्णाचे आयुष्य सहा महिन्यांहून अधिक नाही असे डॉक्टराने प्रमाणित करावे, आणि रुग्णाने रोगनिवारक उपचारांवरील हक्क सोडावा, अशा अटी त्यात होत्या. वृद्धांसाठी आखलेला हा साचा मुलांनाही लागू होऊ लागला. मुलाचे उपचार सोडल्याचे लिहून देण्यास आईबाप तयार होत नसत, आणि बालरोगांत सहा महिन्यांचे भाकीत डॉक्टरांनाही करवत नसे. त्यामुळे सेवा मिळे ती अगदी शेवटी, काही दिवसांपुरती. आणि काही दिवसांच्या सेवेचे मोजमाप करण्यास मृत्यूच्या स्थळावाचून दुसरे फारसे काही उरत नसे. निकष आणि कायदा यांनी एकमेकांस असे बळकट केले. ही अट मुलांच्या बाबतीत शिथिल होण्यास २०१० साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या आरोग्यविषयक कायद्याने, गरिबांसाठीच्या शासकीय विमायोजनेतील मुलांना रोगनिवारक उपचार चालू असतानाही हॉस्पिससेवा घेण्याची मुभा दिली. जागतिक आरोग्य संघटनेने १९९८ मध्येच बालकांची परिहारक शुश्रूषा रोगनिदानापासून सुरू होते आणि ती इतर उपचारांवर अवलंबून नसते, अशी व्याख्या केली होती.

६. 'कोठे'पासून 'कसे'कडे

या क्षेत्रास खरा धक्का बसला तो २००० साली. जोआन वूल्फ व त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टन येथे १९९० ते १९९७ या काळात कर्करोगाने मरण पावलेल्या मुलांच्या १०३ पालकांच्या मुलाखती घेतल्या. अखेरच्या महिन्यात आपल्या मुलाने किमान एका लक्षणाचा फार त्रास सोसला, असे शेकडा ८९ पालकांनी सांगितले. वेदनेवर उपचार झालेल्या मुलांपैकी शेकडा २७ मुलांच्याच बाबतीत ते उपचार यशस्वी ठरले, आणि श्वास लागण्याच्या बाबतीत हे प्रमाण शेकडा १६ होते. पालकांनी नोंदलेली कित्येक लक्षणे डॉक्टरांच्या नोंदींत आढळली नाहीत, हेही या अभ्यासाने दाखविले. स्थळाचा हिशेब ठेवणाऱ्या मूल्यमापनाने जे इतकी वर्षे विचारलेच नव्हते, ते येथे प्रथमच ठसठशीतपणे विचारले गेले : मुलाला दुखत होते काय, आणि ते थांबले काय?

स्वीडनमध्ये उल्रिका क्राइट्सबर्ग्स यांच्या २००४ च्या अभ्यासाने आणखी एक दालन उघडले. ज्या १४७ पालकांनी आपल्या मुलाशी मृत्यूविषयी बोलणे केले होते, त्यांपैकी एकासही त्याचा पश्चात्ताप झाला नव्हता. जे २५८ पालक बोलले नव्हते, त्यांपैकी ६९ जणांस न बोलल्याची खंत होती. मुलांना आपली स्थिती कळत असते, हे मायरा ब्लूबाँड-लँग्नर या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने रक्ताच्या कर्करोगाच्या बालरुग्णांमध्ये राहून १९७८ मध्येच दाखवून दिले होते. मोठ्यांना वाईट वाटू नये म्हणून मुले ते कळल्याचे दाखवीत नाहीत, हे त्यांचे निरीक्षण. मूल्यमापनाच्या शास्त्रात मात्र मुलाचा स्वतःचा शब्द अद्यापि फार थोडा ऐकू येतो. जवळजवळ सर्व पुरावा पालकांच्या, आणि तोही मृत्यूनंतरच्या, स्मरणातून येतो. इतिहासाच्या विद्यार्थ्यास या पुराव्याची मर्यादा निराळी सांगावयास नको. स्मरण हे दुःखाला सुसह्य करण्याचे साधनही असते.

या क्रमातील सर्वांत मार्मिक निष्कर्ष व्हेरोनिका डसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडला. कर्करोगाने मूल गमावलेल्या १४० पालकांपैकी शेकडा ६३ जणांनी मुलाच्या अखेरच्या स्थळाचा आधी विचार करून ठेवला होता, आणि त्यांपैकी बहुतेकांच्या मनाप्रमाणे घडले. प्रत्यक्ष स्थळापेक्षा ते आधी ठरविण्याची संधी मिळणे हेच कुटुंबाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे असावे, असे या संशोधकांना वाटले. आपण पाहिलेल्या मिनेसोटाच्या १२ मुलांचा अर्थ तीस वर्षांनी असा पुन्हा हाती आला.

म्युनिक येथे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हा पालटलेला दृष्टिकोन प्रत्यक्ष उतरलेला दिसतो. गृहसेवेच्या ४० कुटुंबांना सेवा सुरू होण्यापूर्वीच्या व नंतरच्या स्थितीविषयी विचारण्यात आले, आणि मुलाची लक्षणे, त्याचे जीवनमान व पालकांवरील भार या तिन्ही बाबतींत सुधारणा नोंदविली गेली. तुलनेसाठी दुसरा गट नाही, ही त्याची उणीव. परंतु प्रश्न योग्य विचारले गेले, हे त्याचे बलस्थान.

७. खर्चाचा हिशेब आणि आईचे श्रम

गृहशुश्रूषा स्वस्त पडते, हा युक्तिवाद प्रारंभापासून केला गेला. मिनेसोटा प्रकल्पाच्या खर्चाचा अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला. सिंगापूरमध्ये २०१२ साली सुरू झालेल्या बालकांच्या गृहसेवेचे जे मूल्यमापन २०१८ मध्ये पुढे आले, त्यातही सेवा मिळालेल्या मुलांचे अखेरच्या वर्षातील रुग्णालयवासाचे दिवस पुष्कळ कमी आढळले. शासनाचे व देणगीदारांचे मन वळविण्यास असे आकडे उपयोगी पडतात, यात संशय नाही.

परंतु 'स्वस्त' म्हणजे कोणास स्वस्त, हे विचारले पाहिजे. रुग्णालयाच्या खाटेचा दर हिशेबात सहज धरता येतो. रात्रभर जागणाऱ्या आईच्या श्रमाचा दर कोणत्याही पत्रकात नसतो. तिने सोडलेली नोकरी, बापाची बुडालेली मजुरी, थोरल्या बहिणीची सुटलेली शाळा, हे सारे खर्चच आहेत. केवळ ते रुग्णालयाच्या खात्यातून कुटुंबाच्या खात्यात वर्ग झाले आहेत. जे मूल्यमापन या वर्ग झालेल्या रकमेची नोंद घेत नाही, ते बचत झाली असे म्हणण्यास अधिकारी नाही.

८. महाराष्ट्रातील संदर्भ

आतापर्यंतचे विवेचन परदेशांपुरते होते. आता हाच निकष आपल्या प्रांतात आणला असता काय होते ते पाहू. भारतातील पहिले हॉस्पिस, शांती अवेदना सदन, डॉ. लुईस डिसूझा यांच्या प्रयत्नाने मुंबईत १९८६ मध्ये निघाले. कालिकत येथे १९९३ मध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल व डॉ. सुरेशकुमार यांच्या पुढाकाराने वेदना-परिहाराचे केंद्र सुरू झाले, आणि त्यातून केरळात गृहभेटींची लोकाश्रयी चळवळ वाढली. पुण्यात १९९७ मध्ये सिप्ला परिहारक सेवा केंद्र स्थापन झाले. बालकांपुरता विचार करता, २०१० मध्ये ब्रिटिश शासनाच्या साहाय्याने महाराष्ट्रात सुरू झालेल्या बालक-परिहारसेवा प्रकल्पाचा उल्लेख केला पाहिजे. टाटा स्मारक रुग्णालयाचा त्यात प्रमुख वाटा होता, आणि मुंबईतील शीव रुग्णालयाबरोबरच जव्हारसारखे डोंगराळ आदिवासी क्षेत्र त्यासाठी निवडले गेले.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचारासाठी दूरदूरच्या राज्यांतून मुले येतात. दादरच्या संत गाडगे महाराज धर्मशाळेत अशी कुटुंबे महिनेन् महिने राहतात. अशा मुलाच्या बाबतीत 'घर' म्हणजे काय? बिहारातील वा बंगालमधील गाव, की धर्मशाळेतील खोली? गावी परतणे म्हणजे परिचारिकेपासून, वेदनाशामक औषधापासून आणि परतीच्या वाटेपासून दूर जाणे असेल, तर तेथे आलेला मृत्यू 'घरी' आला म्हणून योजनेच्या यशात जमा धरणे हे सत्याला सोडून होईल.

जव्हारकडे पाहिले म्हणजे हा मुद्दा अधिकच उघड होतो. त्या तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी १९९२ मध्ये सर्व महाराष्ट्राचे लक्ष वेधले होते. तेथील मुले घरी मरत होती, ती निवड म्हणून नव्हे. दुसरी वाटच नव्हती म्हणून. पावसाळा सरला की कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर व बांधकामांवर कामास जातात. तेव्हा घरही त्यांच्याबरोबर हलते. जेथे सेवा मुळीच नाही तेथे घरी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वाधिक असणार. मिनेसोटात जो आकडा सेवेच्या अस्तित्वाची साक्ष देतो, तोच आकडा येथे तिच्या अभावाची साक्ष देऊ शकतो. एकच माप दोन ठिकाणी परस्परविरुद्ध गोष्टी सांगत असेल, तर ते माप म्हणून टिकत नाही.

याशिवाय मिनेसोटाच्या योजनेची काही गृहीतके होती, ज्यांचा उच्चार करण्याची तेथे गरजच भासली नाही : घरात दूरध्वनी, दारात वाहन, आणि जवळच्या औषधालयात मिळणारे प्रभावी वेदनाशामक. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कडक परवानापद्धतीमुळे मॉर्फिन हे औषध रुग्णालयांनाही दुर्मीळ झाले. २०१४ मध्ये त्या कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्याची रीत सुलभ करण्यात आली. वेदनाशामकावाचून केलेली गृहशुश्रूषा म्हणजे मुलाचे दुःख रुग्णालयाच्या खोलीतून झोपडीत हलविणे होय. म्हणून येथील कोणत्याही योजनेच्या मूल्यमापनात पहिला प्रश्न हा असावा, की त्या घरी मॉर्फिन पोहोचले काय, आणि केव्हा पोहोचले?

९. उपसंहार

या इतिहासाचे तात्पर्य थोडक्यात मांडता येईल. मृत्यूचे स्थळ हा निकष रुग्णालयाच्या कठोर शिस्तीविरुद्ध उभ्या राहिलेल्या एका न्याय्य आग्रहातून जन्मास आला. प्रथम तो शक्यतेचा पुरावा होता; नंतर तो श्रेष्ठतेचे माप झाला; पुढे कायद्याच्या चौकटीने त्यास स्थैर्य दिले; आणि मोजण्यास सोपा असल्यामुळे तो टिकून राहिला. बोस्टन व स्वीडन येथील अभ्यासांनी त्याची अपूर्णता दाखविली, आणि आपल्या प्रांतातील परिस्थिती त्याची मर्यादा दाखविते.

याचा अर्थ घर महत्त्वाचे नाही असा मुळीच नव्हे. आपल्या अंथरुणावर, आपल्या माणसांत अखेरचे दिवस काढण्याची मुलाची इच्छा ही कोणत्याही संशोधनापूर्वीची आणि संशोधनाहून थोर गोष्ट आहे. प्रश्न आहे तो त्या इच्छेची मोजणी कशी करावी हा. वेदना थांबली काय, कुटुंबास खरोखर निवड करता आली काय, परतीची वाट खुली राहिली काय, आईच्या श्रमाचा भार कोणी वाटून घेतला काय, आणि मुलास काही सांगावयाचे होते ते कोणी ऐकले काय, या प्रश्नांची उत्तरे स्थळाच्या एका रकान्यात मावत नाहीत. त्यांच्यासाठी परिचारिकेच्या रोजच्या नोंदी, औषधांच्या वाटपाच्या वह्या, आणि कुटुंबांशी सेवा चालू असतानाच झालेल्या मुलाखती ही साधने लागतील.

महाराष्ट्रात अशा योजनांची कागदपत्रे आता जमू लागली आहेत. ती जपून ठेवण्याचे काम रुग्णालयांचे जितके आहे, तितकेच ते विद्यापीठांतील इतिहास व समाजशास्त्र विभागांचेही आहे. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी जव्हारच्या वा शीवच्या नोंदींचा अभ्यास हाती घेतला, तर त्याने 'किती मुले घरी वारली' या प्रश्नाने आरंभ करू नये, एवढी सूचना करून हा निबंध येथे पुरा करतो.